फोमचं इंजिन

माझं अक्षर कोंबडीच्या पायासारखं आहे आणि ऱ्हस्व-दीर्घ मला कधीच कळले नाहीत, त्याबद्दल आधीच माफी मागते. चौथीपर्यंत शिकले, तेही बारवी धरणाच्या बाजूला आमच्या गावात, जिथे एकच गुरुजी चारही वर्ग एका खोलीत घ्यायचे. ही वही कुणाला दाखवायची नाही. पण वह्या कधीतरी कुणाच्या तरी हाती लागतात, म्हणून सांगून ठेवते.

लिहायचं आहे ते वासू मिस्त्रींबद्दल. या माणसावर मी जेवढा संशय घेतला तेवढा आयुष्यात कुणावर घेतला नाही.

उल्हासनगरात कॅम्प चारला मी गाड्यांची सीट कव्हरं शिवते. दुकान हरेशशेठचं, मशीनवर मी. शेजारचा गाळा वासू मिस्त्रींचा होता, गाड्या दुरुस्तीचा. दोन गाळ्यांमध्ये फक्त पत्रा. तिकडे कुणी शिंकलं तरी इकडे माझी शिलाई वाकडी व्हायची.

पहिला संशय त्यांच्या शर्टाचा. माणूस गॅरेजवाला आणि शर्ट पांढराशुभ्र, इस्त्रीचा. सकाळी पांढरा, संध्याकाळी पांढरा. मी मनात म्हणायची, मिस्त्रीचा शर्ट पांढरा राहतो म्हणजे काम दुसरं कुणी करतं, नाहीतर काम होतच नाही. त्यांच्याकडे हाताखाली माणूस नव्हता. मग राहिलं दुसरं.

दुसरा संशय शटरचा. दुपारी शटर अर्धं खाली यायचं आणि आतून खटखट चालू व्हायची. उघड्या दाराने जे करता येत नाही असं काय असतं गॅरेजमध्ये? भिवंडीकडून, कुर्ल्याकडून टेम्पो यायचे, त्यात चादरीखाली झाकलेलं सामान. फोन आला की मिस्त्री गाळ्याबाहेर जाऊन सिंधीत बोलायचे. एकोणीस वर्षं या बाजारात काढल्यावर मला सिंधी समजते, हे त्यांना माहीत होतं.

बाकी माणूस बोलका. वय साठीला आलेलं, ठेंगणे, पोट पुढे, केस मागे चोपून बसवलेले. मला ‘शिलाईताई’ म्हणायचे. आमच्याकडे रेक्झिनच्या सुरकुत्या काढायला गरम हवेची हीट गन असते, ती दिवसातून दोनदा मागायला यायचे.

“कशाला पाहिजे?” मी पहिल्यांदा विचारलं होतं.

“पापड भाजायला.”

मला वाटलं मस्करी. पण खरंच पापड भाजायचे. गिऱ्हाईक आलं की आधी पाणी आणि पापड. गिऱ्हाईक गाडीची तक्रार सांगायला लागलं की हात वर करायचे. “पहिले पापड खा, मग बोल. भुका माणूस गाडीबद्दल खोटं बोलतो.” पापड खाऊन होईपर्यंत त्यांनी गाडीभोवती एक चक्कर मारलेली असायची, आणि बहुतेक वेळा दुखणं तेच आधी सांगायचे.

नट-बोल्ट ते आइस्क्रीमच्या रिकाम्या डब्यांत ठेवायचे. डब्यांवर नाव नाही, चित्र. पुढच्या भागाचे नट असले की नाक, दरवाजाचे असले की कान, मागचे असले की काय काढलेलं असायचं ते मी लिहीत नाही. एकदा एका बाईगिऱ्हाइकाने तो डबा पाहिला आणि मिस्त्री लाजून पापड आणायला गेले.

त्यांचं एक बोलणं सगळ्या गल्लीला पाठ होतं. “गाडी उघडली की नातेवाईक निघतात.” म्हणजे एक पार्ट बदलायला जावं तर त्याच्या मागून पाच निघतात. हरेशशेठ म्हणायचे, “निघत नाहीत, वासू काढतो.” मीही तेच धरून चालले होते.

अशात अंबरनाथचा दातांचा डॉक्टर आला. तिशीचा, चष्मा लावलेला, बोलायला इतका मऊ की दात काढताना पेशंटला झोप लागत असेल. त्याची गाडी परदेशी, दोन दारांची, जमिनीला टेकलेली. त्याला ती सरळ चालवायची नव्हती. वळणावर मागची चाकं मुद्दाम घसरवायची, गाडी आडवी करायची आणि आडवी असतानाच पुढे न्यायची. त्याच्या म्हणे स्पर्धा असतात. मूळ इंजिन छोटं, चाकं घसरवायला त्याचा जोर पुरत नव्हता. म्हणून मोठं बसवायचं.

“सरळ रस्ता सोडून आडवी कशाला?” मी हरेशशेठना विचारलं.

“सबंध दिवस दुसऱ्याच्या तोंडात बघायचं,” ते म्हणाले. “मग माणूस असा होतो.”

मिस्त्रींनी डॉक्टरला समोर बसवून पापड दिला आणि म्हणाले, “डॉक्टर, मोठा जावई आणला तर खाटही मोठी लागते. इंजिन मोठं, म्हणजे गिअरबॉक्स दुसरा, रेडिएटर दुसरा, ब्रेक दुसरा. आणि ही गाडी नंतर रस्त्यावर नाही चालवायची. टेम्पोत बसून मैदानात जाणार, टेम्पोत बसून परत. कबूल?”

डॉक्टर कबूल झाला. पत्र्याच्या अलीकडे मी विचार केला, नातेवाईक निघायला सुरुवात झाली.

मोठं इंजिन कुर्ल्याच्या भंगार बाजारात होतं, अपघात झालेल्या एका गाडीचं. सहा सिलिंडरचं, एका रांगेत, म्हणून लांब. आणि भंगारवाल्याचा नियम असा की माल एकदा गाळ्याबाहेर गेला की परत घेणार नाही. आणलं आणि गाडीत बसलंच नाही तर? तेव्हा मिस्त्री माझ्याकडे आले. हातात पुठ्ठ्याचे कापलेले आकार आणि कुर्ल्याला जाऊन घेतलेल्या मापांचा कागद.

“शिलाईताई, मला एक इंजिन शिवून द्या.”

मी मशीन थांबवलं.

“फोमचं,” ते म्हणाले. “आतून फोम, वरून रेक्झिन. बरोबर या मापाचं. मी ते गाडीत ठेवून बघणार. ते बसलं तर खरं आणणार.”

मला हे अजिबात पटलं नाही. साठीचा माणूस खोटं इंजिन शिवून घेतो, त्यावर काळं रेक्झिन चढवतो, आणि डॉक्टरला अंधूक दिसतं. पण शिलाईचे पैसे त्यांनी आधीच काढून ठेवले. मी तीन दिवस शिवलं. फोमचे थर चिकटवले, पुठ्ठ्याप्रमाणे कापले, वरून कव्हर चढवलं. खाली तेलाची टाकी, बाजूला फुगवटे, सगळं. माझ्या हातून इतकं चांगलं काम पूर्वी झालं नव्हतं. हरेशशेठनी त्याचा फोटो काढून नातेवाइकांना पाठवला.

मिस्त्रींनी ते गाडीत उतरवलं. उतरलं, मागच्या बाजूला बोटभर जागाही राहिली. त्यांनी त्यावर थाप मारली. “बसला जावई.”

त्याच आठवड्यात पैशाची गोष्ट झाली. डॉक्टरने दिलेल्या आगाऊ पैशांत इंजिन येत नव्हतं, साठ हजार कमी पडत होते, आणि भंगारवाल्याकडे दुसरं गिऱ्हाईक आलं होतं. मिस्त्रींनी हरेशशेठना विचारलं. हरेशशेठ हसले आणि चहा मागवला, म्हणजे नाही. मग मिस्त्री माझ्याकडे वळले.

“शिलाईताई, तुमच्याकडे आहेत का? पंधरा दिवस.”

माझ्याकडे होते. बरोबर साठ. बदलापूरला जांभूळच्या बाजूला एका चाळीत खोली पाहिली होती, तिचं डिपॉझिट. सात वर्षं शिलाईतून साठवलेले, बँकेत ठेवलेले. नवरा अंबरनाथला कंपनीत वॉचमन आहे, त्याला आणि मला सोडून हे कुणाला माहीत नव्हतं. मग यांना कसं कळलं?

“तुम्हाला कोणी सांगितलं?” मी विचारलं.

“कोणी नाही. जी बाई चिंधीसुद्धा फेकत नाही, तिच्याकडे पैसे असतात.”

मला तोंडावर नाही म्हणता येत नाही, आणि दिलेलं परत मागताही येत नाही. या दोन गोष्टी एका माणसात असू नयेत. दुसऱ्या दिवशी मी पैसे दिले. नवऱ्याला सांगितलं नाही.

इंजिन आलं, चादरीत गुंडाळून. शटर अर्धं खाली गेलं. इंजिन उचलायच्या साखळीची खडखड ऐकू आली, मग बराच वेळ काहीच नाही. मग पुन्हा साखळी. असं चार वेळा. पाचव्यांदा मिस्त्री सिंधीत स्वतःशीच काहीतरी बोलले, ते लिहिण्यासारखं नाही.

इंजिन बसत नव्हतं. मागच्या बाजूला, इंजिन आणि बसायची जागा यांच्यामध्ये पत्र्याची भिंत असते, तिला टेकत होतं.

मला लगेच उमगलं, म्हणजे उमगलं असं वाटलं. माझं फोमचं इंजिन बसलं, खरं बसत नाही. कारण हे ते इंजिनच नाही. दुसरं, स्वस्तातलं कुठलं तरी आणलं आणि मधले पैसे खाल्ले. माझे पैसे. माझ्या हातावर माझा पूर्ण भरवसा होता. माप चुकणाऱ्यातली मी नाही.

दोन दिवसांनी डॉक्टर आला. मऊ आवाजातच, पण चिडलेला. “मिस्त्री, तुम्ही तर माप घेतलं होतं ना? डमी केला होता ना?”

“घेतलं होतं,” पत्र्यापलीकडून मिस्त्री म्हणाले. “माझं चुकलं, डॉक्टर. भिंत कापून मागे सरकवतो. त्याचा पैसा तुमच्याकडून नाही घेणार.”

“किती दिवस?”

“लागतील.”

चोर स्वतः कबूल करतो तेव्हा काय ऐकायचं राहिलं? मी त्या दिवशी एक कव्हर उलटं शिवलं. पंधरा दिवस उलटून महिना झाला होता. नवरा विचारत होता, खोलीवाल्याला कधी भेटायचं. मी सांगत होते, बँकेचा माणूस रजेवर आहे.

शेवटी एका दुपारी मी उठले. काय बोलायचं ते मनात तीन वेळा म्हटलं. मिस्त्री, माझे पैसे द्या. चार शब्द. अर्ध्या शटरखालून वाकून आत गेले.

मिस्त्री बनियनवर होते. पांढरा शर्ट हँगरला लावून, वर प्लॅस्टिकची पिशवी चढवून, पंख्याच्या हुकाला टांगलेला. हातापासून खांद्यापर्यंत काळे, पोटावर ग्रीस. म्हणून शटर खाली असायचं. नुसत्या बनियनवर काम करताना आयाबायांनी बघू नये म्हणून. मी परत फिरणार होते, पण त्यांनी घाईने टॉवेल ओढून घेतला आणि म्हणाले, “या, या. बरं झालं आलात.”

खरं इंजिन साखळीला लटकत होतं. खाली टेबलावर माझं फोमचं होतं आणि मिस्त्री टेपने ते मोजत होते. शेजारी त्यांचा मापांचा तो जुना कागद.

“एक विचारू?” ते म्हणाले. “सीटचं कव्हर तुम्ही सीटच्या मापाचंच कापता?”

“नाही,” मी म्हणाले. “इंचभर कमी.”

“का?”

“मग ते ओढून बसवावं लागतं, ताणून बसतं. मापाचं कापलं तर सैल पडतं, गिऱ्हाईक परत आणतं.”

बोलता बोलता माझे कान गरम झाले. फोम मी मापाचाच कापला होता. पण वरचं कव्हर हाताच्या सवयीने इंचभर कमी. ते ताणून चढवलं आणि आतला फोम दबला. म्हणून तर इतकं सुंदर, घट्ट बसलं होतं. मिस्त्रींनी टेप माझ्यासमोर धरला. लांबीला एक इंच कमी. आणि त्या इंचामुळेच खरं इंजिन भिंतीला टेकत होतं.

मिस्त्रींनी टेप गुंडाळून खिशात ठेवला, मला पापड हवा का विचारलं. मी नाही म्हणाले. चार शब्द माझ्या तोंडातच राहिले आणि मी मशीनवर येऊन बसले.

आता कुणाला वाटेल, संशय तिथे संपला. नाही संपला, उलट वाढला. हा माणूस मला का वाचवतो? डॉक्टरसमोर स्वतःवर का घेतो? मला उत्तर सरळ दिसत होतं. भिंत कापायला, वेल्डिंगला, परत वायरिंग करायला जो खर्च येईल तो माझ्या साठातून कापणार. तोंडाने बोलायची गरजच नाही, पैसे त्यांच्याकडेच आहेत. आणि खरं सांगायचं तर त्यात चूकही नव्हती, म्हणून मला आणखी भीती वाटायची.

दोन महिने पत्र्यापलीकडे ग्राइंडर चालला. फटीतून ठिणग्यांचा उजेड माझ्या मशीनवर पडायचा.

गाडी तयार झाली तेव्हा डॉक्टरच्या सीटला दोन्ही बाजूंनी घट्ट धरणारं कव्हर मीच शिवलं. या वेळी मिस्त्रींनी तीनदा विचारलं, “किती कमी?” आणि तीनदा मी सांगितलं. जांभूळच्या पुढे एका बंद कंपनीचं सिमेंटचं आवार होतं, मालकाची परवानगी काढलेली. कव्हर बसवून द्यायला मलाही टेम्पोतून नेलं.

डॉक्टरने हेल्मेट घातलं, इंजिन चालू केलं, आणि मला छातीत हादरा बसला. पहिल्या वळणावर गाडीचं मागचं अंग सुटलं. मला वाटलं आता भिंतीवर जाते. पण गेली नाही, खेकड्यासारखी आडवी धावत सुटली, चाकांखालून पांढरा धूर. रबर जळल्याचा वास आला. डॉक्टर आत बसून पुढे बघत नव्हता, बाजूच्या काचेतून बघत होता, कारण गाडी तिकडे चालली होती.

मिस्त्री गाडीकडे पाठ करून उभे होते.

“बघत नाही?” मी विचारलं.

“बघितलं की कान बंद होतात,” ते म्हणाले. डोळे मिटलेले. गाडी तिसऱ्यांदा वळली तेव्हा त्यांनी बोट वर केलं. “ऐकलं? कुठे घासत नाही. भिंतीपासून लांब आहे.”

मला फक्त आवाज ऐकू येत होता. पण त्यांनी डोळे उघडले तेव्हा ते ओले होते. धुराने असतील.

डॉक्टरने पैसे चुकते केले. मिस्त्रींनी त्या आठवड्यात मला चाळीस हजार आणून दिले. “बाकीचे नंतर,” म्हणाले आणि हीट गन घेऊन गेले.

मी समजून गेले. वीस कापले. इंचाचे वीस. तोंडाने ‘नंतर’ म्हणायची पद्धत असते, आमच्या बाजारात ‘नंतर’ म्हणजे काय हे सगळ्यांना माहीत आहे. घरी मात्र सांगावंच लागलं. नवऱ्याने सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाला, “चूक तुझी होती, मग गेले ते गेले. पण एकदा तोंडाने विचार तरी.” माझ्याने विचारवलं नाही. खोलीवाल्याला साठच हवे होते, एकही कमी नको होता. ती खोली वांगणीच्या एका कुटुंबाने घेतली.

त्यानंतर सव्वा वर्ष आम्ही रोज एकमेकांना बघत होतो. मिस्त्री पूर्वीसारखेच पापड भाजत होते. मी पूर्वीसारखी पत्र्याला कान लावून होते. त्यांच्याकडे काम कमी झालं होतं, हे मला ऐकू येत होतं. साखळी आठवडा आठवडा वाजायची नाही. तरी मी मनात म्हणायची, वीस हजार दाबून बसलेला माणूस.

मग गल्लीत बातमी आली की वासू मिस्त्री गाळा विकून इंदूरला मुलीकडे चालले. मी हरेशशेठना म्हणाले, “बघा, न सांगता.” ते म्हणाले, “तुला काय सांगायचंय त्याने?” मी मशीन चालू केलं.

ज्या दिवशी ते जाणार होते त्या सकाळी दुकान उघडून मी मशीनला तेल घालत होते. बाहेर रिक्षा उभी राहिली. मिस्त्री आत आले, पांढऱ्या शर्टात, आणि माझ्यासमोरच्या स्टुलावर बसले. खिशातून पाकीट काढून मशीनवर ठेवलं.

“मोजा.”

मी मोजले. पाचशेच्या चाळीस नोटा. या वेळी शब्द आपणहून बाहेर आले. “मला वाटलं तुम्ही कापून घेतलेत.”

“कशाचे?”

“त्या इंचाचे.”

“शिलाईताई, दुसऱ्याच्या हाताला काम दिलं तर त्या हाताची सवय काय आहे ते पहिले विचारायचं असतं. मी नाही विचारलं. मग तुमचे कसे कापणार?”

“मग इतके दिवस?”

“नव्हते,” ते म्हणाले. “ते वीस वेल्डिंगमध्ये गेले. मग धंदा नाही झाला. आता गाळ्याचे आले.”

नव्हते. इतकं साधं कारण सव्वा वर्षात माझ्या डोक्यात एकदाही आलं नव्हतं.

मी मान खाली घातली. आणि लिहायला लाज वाटते, पण खोटं कशाला लिहू, हाताला सवयच तशी, वरची एक नोट मी ट्यूबलाइटच्या उजेडात धरून पाहिली. मिस्त्रींनी ते पाहिलं. मला वाटलं आता उठून जातील. ते हसले, पोट हलेपर्यंत.

“एकच काय बघता? सगळ्या बघा.”

बाहेर रिक्षावाला भोंगा वाजवत होता. मिस्त्रींनी त्याला हाताने थांब म्हणून सांगितलं आणि स्टुलावर बसून राहिले. मी एकेक नोट उजेडात धरत गेले आणि ते प्रत्येक नोटेला मान हलवत गेले. चाळीसावी खाली ठेवली तेव्हा ते उठले, शर्टाच्या इस्त्रीवरून हात फिरवला आणि रिक्षात जाऊन बसले. मागे वळून पाहिलं नाही.

चाळीसच्या चाळीस नोटा खऱ्या होत्या. साठ हजार पूर्ण झाले.